आधी पाणी, मग लाइन: नागपुरात लूर टाकायला शिकणाऱ्यांसाठी

आपल्याकडे लूर, म्हणजे गळ लावलेलं कृत्रिम आमिष, टाकायला शिकणारी बहुतेक तरुण मंडळी अमेरिकेतले बास नावाच्या माशाच्या फिशिंगचे व्हिडिओ बघून शिकतात. त्यात एक जण सांगतो, फ्रॉगला, म्हणजे रबरी बेडकाच्या लूरला, ६५ पाउंड ताकदीची ब्रेडेड (वेणीची) लाइन लावा. दुसरा सांगतो, क्रँकबेटला, म्हणजे ओढल्यावर खाली बुडणाऱ्या लूरला, १० पाउंडांची फ्लुरोकार्बन लाइनच हवी. हे ऐकून खिंडसी तलावाच्या काठावर उभ्या राहिलेल्या मुलाला प्रश्न पडतो, की इथे तर बास नाहीच, मग यातलं आपण घ्यायचं काय? घेण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त आकडा उचलू नका, तो आकडा का निवडला ते समजून घ्या. मासा किती किलोचा आहे यावरून लाइन ठरवायची, असा नवख्यांचा समज असतो. खरं तर पाण्यात काय आहे आणि लूर कशी चालवायची आहे, यावरून ती ठरते. माशाचं वजन त्यानंतर येतं.

लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये २२ पाउंड ४ औंसांचा, म्हणजे जवळपास दहा किलोंचा बास पकडला. पुढे २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांच्या माशाने त्या विक्रमाची बरोबरी केली. जपानमध्ये हा मासा १९२५ मध्ये बाहेरून आणला गेला आणि तिथल्या देशी माशांच्या जिवावर उठला. आज तिथे कायद्याने त्याला घातक परदेशी प्रजाती ठरवलं आहे. म्हणून ‘आपल्याही एखाद्या तलावात बास सोडू या’ असं कोणी म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा.

आपल्याला त्याची गरजही नाही, कारण आपल्याकडे मरळ आहे. बाससारखीच ती गवतात, बुंध्यांजवळ, जलपर्णीच्या कडेला दबा धरून बसते आणि बेडूक, छोटे मासे यांच्यावर एकदम झडप घालते. ती हवेतून श्वास घेते, त्यामुळे अधूनमधून वर येऊन बुडबुडा सोडते आणि आपला ठिकाणा सांगते. बाससाठी झाडोऱ्यात वापरायच्या जवळजवळ सगळ्या पद्धती मरळीला लागू पडतात, आणि त्यांच्यामागचं लाइनचं गणितही.

पहिली पायरी: परवानगी आणि तळाची चौकशी

नागपूर जिल्ह्यातल्या पुष्कळ तलावांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्या पाण्यावर ढिवर कुटुंबांचं पोट चालतं. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहात मासेमारीला बंदी आहे, तिथे जायचंच नाही. गोरेवाडा तलावाचं पाणी शहराला प्यायला जातं. शहरातल्या इतर तलावांचे नियमही आधी विचारून घ्या.

परवानगी मागायला जाल तेव्हा आणखी एक गोष्ट विचारा: तळाला काय आहे? काठावर जाळं सुकवत बसलेले एखादे काका सांगतील, की या कोपऱ्यात शिंगाड्याचे वेल आहेत, तिकडे पाळीखाली दगड आहेत, मधल्या भागात जुन्या झाडांची खोडं बुडालेली आहेत. लाइन निवडताना ही माहिती कोणत्याही तक्त्याहून मोलाची आहे. नागपूर शहराचा पश्चिम भाग आणि त्याच्या पुढचा पश्चिमेचा प्रदेश दख्खनच्या काळ्या खडकावर आहे. त्या दगडाच्या फुटलेल्या कडा धारदार असतात आणि तलावाच्या पाळीवर बऱ्याचदा हाच दगड रचलेला असतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लाइन याच दगडांवर घासते.

दुसरी पायरी: लाइनच्या तीन जातींचा स्वभाव ओळखा

पहिली आपल्या ओळखीची, नायलॉनची एकपदरी लाइन. आपण तिला तंगूस म्हणतो. स्वस्त, सहज मिळणारी, गाठ बांधायला सोपी. हिचा मुख्य गुण म्हणजे ताण. ओढल्यावर ती चांगलीच लांबते, त्यामुळे माशाचा झटका स्वतः सोसते. हाच तिचा दोषही आहे. लांबवर टाकलेल्या लूरला मासा हलकेच लागला, तर ते हाताला नीट कळत नाही आणि दुरून गळ रोवायलाही जोर पोचत नाही. नायलॉन पाणी शोषतं, आणि भिजलं की त्याची ताकद थोडी उतरते. उन्हाने ते कमकुवत होतं. पाण्यात ते अगदी सावकाश बुडतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरी फ्लुरोकार्बन. दिसायला तंगुसासारखीच, पण पदार्थ वेगळा आणि बराच जड. पाण्यापेक्षा तिची घनता पावणेदोन पटींहून जास्त, त्यामुळे ती नीट बुडते. पाण्यात प्रकाश जसा वळतो, त्याच्या जवळपास तो हिच्यातही वळतो. म्हणून स्वच्छ पाण्यात ही नायलॉनपेक्षा कमी दिसते. पाणी शोषत नाही, दगडावर घासली तरी टिकते, उन्हालाही दाद देत नाही. मात्र ती कडक असते. रिळावर गुंडाळलेली वेटोळी तिच्यात राहून जातात आणि गाठ कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच ती कमजोर होते. ‘फ्लुरो ताणतच नाही’ असं पुष्कळ जण छातीठोक सांगतात. ते खरं नाही, तीही ताणते.

तिसरी ब्रेडेड, म्हणजे पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंची वेणी. ही पाण्यावर तरंगते, जवळजवळ ताणत नाही आणि तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा फारच बारीक असते. ३० पाउंडांची ब्रेडेड जाडीला साधारण ८ ते १० पाउंडांच्या तंगुसाएवढी भरते. गवतात ताणून ओढली की ती देठ कापत बाहेर येते. पण दगडाच्या धारेवर ताणलेली ब्रेडेड बघता बघता तुटते, आणि स्वच्छ पाण्यात ती स्पष्ट दिसते. चार पदरी ब्रेडेड खरखरीत असते, रॉडच्या कड्यांतून जाताना आवाज करते, पण गवतासाठी चांगली आणि स्वस्त. आठ पदरी गोल आणि गुळगुळीत असते, लांब जाते, महाग पडते. नवख्या माणसाने मरळीसाठी चार पदरीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: डबीवरचे आकडे

पाउंड म्हणजे किती वजनाच्या ओढीला लाइन तुटते तो आकडा. एक पाउंड साधारण ४५४ ग्रॅम, म्हणजे ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलो. शेजारी मिलिमीटरमध्ये जाडी लिहिलेली असते. पाउंडांपेक्षा मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. लूर किती लांब जाईल, किती खोल जाईल, रिळात किती मीटर मावेल, हे सगळं जाडी ठरवते. तंगुसात ०.३० मिमी म्हणजे साधारण १० पाउंड समजा. ब्रेडेडवर बऱ्याचदा पीई क्रमांक असतो. तो जपानी मोजमापातला जाडीचा क्रमांक आहे: पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५.

स्वस्त ब्रेडेड घेताना दोन्ही आकडे जुळवून बघा. जाडी ०.२० मिमी आणि ताकद ८० पाउंड असं छापलं असेल, तर दोन्हींपैकी एक आकडा खोटा आहे. ती डबी तिथेच ठेवा.

चौथी पायरी: पद्धतीप्रमाणे लाइन

फ्रॉगपासून सुरुवात करू, कारण नागपूरकडे मरळीमागे लागलेला माणूस सगळ्यांत जास्त हेच टाकतो. पोकळ रबरी बेडूक जलपर्णीवरून, कमळाच्या पानांवरून सरपटत आणायचा असतो. बासवाले यासाठी ५० ते ६५ पाउंडांची ब्रेडेड वापरतात. दहा किलोचा मासा लागेल म्हणून नव्हे. दीड-दोन किलोचा मासा लूर घेऊन खाली दडी मारतो आणि डोक्याभोवती तेवढंच गवत गुंडाळून घेतो. तुम्हाला ओढावं लागतं ते मासा आणि गवत मिळून. शिवाय फ्रॉगचे जाड गळ माशाच्या टणक तोंडात रोवायला झटका पुरेपूर पोचावा लागतो. ताणणारी लाइन इथे निरुपयोगी. ती बुडून गवताखालीही जाता कामा नये, तरंगायला हवी. या तिन्ही गरजा ब्रेडेडच भागवते.

आपल्या तलावांत बेशरमाची झुडपं पाण्यात उतरलेली असतात, त्यांचे देठ चिवट असतात. अशा ठिकाणी ५० पाउंड घ्या. नुसतं मऊ शेवाळ आणि कमळ असेल तर ३० ते ४० पुरेत. एक महत्त्वाची गोष्ट: मरळीने पाणी उडवलं की लगेच झटका देऊ नका. क्षणभर थांबा, लाइनवर वजन जाणवू द्या, मग रॉड मारा. ब्रेडेड न ताणल्यामुळे तुमची घाई थेट फ्रॉगपर्यंत पोचते आणि माशाने तोंड मिटायच्या आत फ्रॉग तिथून सुटून येतो.

फ्रॉगला लीडर, म्हणजे मुख्य लाइन आणि लूर यांच्यामध्ये वेगळ्या लाइनचा तुकडा, लावायचा का, यावर मतं वेगवेगळी आहेत. दाट गवतात आणि गढूळ पाण्यात मी थेट ब्रेडेडच बांधायला सांगेन, कारण मधली गाठ गवत गोळा करते. गवत विरळ, खाली दगड, पाणी निवळ असेल, तर ३० ते ४० पाउंडांच्या जाड तंगुसाचा दीड-दोन फुटांचा तुकडा जोडा. मरळीला दात असतात, त्यासाठीही हा तुकडा कामी येतो.

पंचिंग ही फ्रॉगची पुढची पायरी. जलपर्णीचा थर जाड असतो तिथे एक-दीड औंसाचं, म्हणजे २८ ते ४२ ग्रॅमचं शिसं किंवा टंगस्टन लावून मऊ प्लास्टिकची लूर थराखाली घुसवतात. लाइन ६५ पाउंडांची, रॉड दणकट. नवख्याने यात लगेच पडू नये.

उघड्या पाण्यावर पॉपर (‘पॉक’ आवाज करणारी लूर) किंवा डावी-उजवीकडे डुलणारी टॉपवॉटर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारी, लूर टाकायची असेल, तर मघाशी लक्षात ठेवलेली गोष्ट आठवा. तंगूस अगदी सावकाश बुडतो, फ्लुरोकार्बन मात्र चांगलीच बुडते. ती पॉपरचं तोंड खाली खेचते आणि त्याचा ‘पॉक’ आवाजच जातो. इथे १२ ते १७ पाउंडांचा तंगूस उत्तम. ब्रेडेड लावलेली असेल तर तीही चालते, पण ती मऊ असल्याने लूर थांबली की पुढच्या गळांत अडकते. पुढे दीड-दोन फूट कडक तंगूस जोडला की ही कटकट मिटते.

क्रँकबेट म्हणजे ओढल्यावर खाली जाणारी, थरथरणारी लूर. इथे जाडीचा खेळ सगळ्यांत चांगला दिसतो. जाड लाइनला पाण्याचा विरोध जास्त, म्हणून तीच लूर जाड लाइनवर उथळ चालते आणि बारीक लाइनवर खोल जाते. बासवाल्यांचे १० ते १२ पाउंड फ्लुरो याच कारणाने: बारीक, बुडणारी आणि दगडावर घासली तरी टिकणारी. दुसरं कारण गळांचं. या लुरेला तीन टोकांचे बारीक गळ असतात. लाइन जरा ताणली तर माशाला लूर तोंडात घ्यायला सवड मिळते. ब्रेडेड आणि कडक रॉड अशी जोडी असेल, तर गळ तोंडातून फाटून निघतात. खिंडसीसारख्या मोठ्या पाण्यात दगडी काठाने क्रँकबेट चालवायची असेल, तर बासवाल्यांचा हा सल्ला जसाच्या तसा घ्या.

जर्कबेटला (झटके देत ओढायची लांबट लूर) ८ ते १२ पाउंडांची फ्लुरो, स्पिनरबेटला (फिरत्या पात्याची लूर) १४ ते १७ची. कारणं वरचीच.

टेक्सास रिगमध्ये मऊ प्लास्टिकच्या अळीत गळाचं टोक लपवलेलं असतं आणि पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन. लूर तळावरून सावकाश ओढायची. तळाचा दगड, काडी, चिखल आणि माशाचा हलका टोला यांतला फरक बोटांना कळायला हवा. खोडं आणि दगड असतील तर १२ ते १७ पाउंडांची फ्लुरो, गवत असेल तर ३० ते ५०ची ब्रेडेड. ड्रॉप शॉट (वजन खाली, गळ त्याच्या वर) किंवा नेड रिग (छोटी अळी) यांसारख्या नाजूक पद्धतींना १० ते १५ पाउंडांची बारीक ब्रेडेड आणि पुढे ६ ते ८ पाउंडांचा फ्लुरोचा सहा-आठ फूट लीडर. आपल्याकडे हिवाळ्यात पाणी निवळलं की याचा उपयोग. पावसाळ्यात पाणी मातीच्या रंगाचं झालेलं असताना ‘न दिसणारी’ लाइन म्हणून फ्लुरोवर पैसे घालण्यात अर्थ नाही. तिथे मासा लूर शोधतो ती आवाजावरून आणि हालचालीवरून.

कणकेचा गोळा किंवा पेंड लावून रोहू, कटला, मृगळ पकडायचा असेल, तर बास सोडून द्या. तिथे १० ते १५ पाउंडांचा साधा तंगूसच राजा आहे. या माशांचे ओठ मऊ असतात आणि धाव लांब असते. ताणणारी लाइन दोन्ही सांभाळून घेते.

पाचवी पायरी: पहिली खरेदी

एवढं वाचून चार रीळं घ्यायला निघू नका. एक मध्यम स्पिनिंग रीळ, त्यावर ३० ते ४० पाउंडांची चार पदरी ब्रेडेड. सोबत लीडरसाठी दोन छोट्या डब्या: ३० पाउंडांचा जाड तंगूस आणि १२ पाउंडांची फ्लुरो. गवतात गेलात तर थेट ब्रेडेड, उघड्या पाण्यावर टॉपवॉटर असेल तर तंगुसाचा लीडर, दगडात किंवा निवळ पाण्यात फ्लुरोचा. क्रँकबेटला ही जोडी पूर्ण न्याय देत नाही, पण वर्षभर शिकायला पुरते. ब्रेडेड घेताना गडद हिरवी घ्या. पिवळी-गुलाबी लाइन हलका टोला डोळ्यांनी टिपायला चांगली, पण तिला लीडर हवाच.

सहावी पायरी: रीळ भरणं

ब्रेडेड गुळगुळीत असते. रिकाम्या स्पूलवर (रिळाचा लाइन गुंडाळायचा भाग) थेट बांधली तर जोर लागताच अख्खी गुंडाळी स्पूलवर गरगर फिरते आणि ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक, बिघडला असं वाटतं. म्हणून आधी दहा-पंधरा मीटर तंगूस गुंडाळा, त्याला ब्रेडेड जोडा आणि मग भरा. भरताना ओल्या फडक्यात लाइन धरून ताण ठेवा. सैल भरलेली ब्रेडेड स्वतःच्याच थरांत रुतते आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. स्पूलची कड दोन-तीन मिलिमीटर मोकळी राहील इतकीच भरा. तंगूस भरताना डबी जमिनीवर आडवी ठेवा. थोडी गुंडाळून लाइन सैल सोडून बघा. वेटोळी पडत असतील तर डबी उलटी करा, पीळ निघून जाईल.

सातवी पायरी: दोन गाठी घरी शिका

लूर बांधायला पालोमार. लाइन वीतभर दुमडा. दुमडलेलं टोक गळाच्या डोळ्यातून ओवा. त्या दुहेरी लाइनची साधी सैल गाठ मारा, गळ खाली लोंबता राहील. आता टोकाचा फासा गळावरून पलीकडे काढा, थुंकीने किंवा पाण्याने ओला करा आणि दोन्ही बाजू सावकाश ओढा. ब्रेडेडला ही गाठ घट्ट बसते. तंगुसाला चालणारी साधी पिळाची गाठ ब्रेडेडवर घसरते.

ब्रेडेडला लीडर जोडायला डबल युनी. दोन्ही टोकं समांतर धरायची आणि प्रत्येकाने दुसऱ्यावर युनी गाठ मारायची, म्हणजे टोकाचा फासा करून त्यातून वेढे घ्यायचे. ब्रेडेडच्या बाजूने आठ वेढे, लीडरच्या बाजूने चार-पाच. ओलं करून दोन्ही गाठी एकमेकींकडे सरकवा. एफजी गाठ याहून बारीक बसते आणि कड्यांतून सहज जाते, पण ती हाताला बसायला वेळ लागतो. पंख्याखाली बसून सराव करा. लीडर छोटा असेल तर गाठ रॉडच्या टोकाच्या कड्याबाहेरच राहू द्या.

आठवी पायरी: ड्रॅग मोजून लावा

लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला रीळ सुटायला हवं. १५ पाउंड म्हणजे ६.८ किलो, तर ड्रॅग १.७ ते २.३ किलोंच्या दरम्यान. लीडर असेल तर ब्रेडेड आणि लीडर यांपैकी कमजोर कोण, ते बघून हिशोब करा. सामान तोलायचा हुकाचा छोटा काटा लाइनला लावा, रॉड थोडा वाकवून ओढा आणि आकडा बघा. गवतातल्या फ्रॉगला हा नियम नाही. तिथे ड्रॅग जवळजवळ बंद ठेवतात, कारण सैल लाइन मिळाली की मरळ बुडख्यात शिरते आणि मग निघत नाही.

पावसाळ्यात एका जागी लालसर-नारिंगी पिल्लांचा थवा पाण्यावर वळवळताना दिसला, तर खाली त्यांची राखण करणारी मरळ आहे. ती रागाने लूरवर येते, लागते पटकन. तिथे लूर टाकू नका. राखणदार गेला की पिल्लं उरत नाहीत.

नववी पायरी: ऊन, जुनी लाइन आणि तुकडे

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीत, मागच्या काचेजवळ ठेवलेला तंगूस एका उन्हाळ्यात कामातून जातो. रीळ कापडी पिशवीत, सावलीत ठेवा. तंगूस दर मोसमाला बदला. ब्रेडेड फार टिकते. पुढचा भाग फिका आणि केसाळ झाला तर ती उलटी भरा, आतला कोरा भाग वर येतो.

काढलेल्या किंवा तुटलेल्या लाइनचं काय करायचं? संक्रांतीला नायलॉनच्या मांजाने पाखरांचे पाय आणि माणसांचे गळे कसे कापतात, ते नागपूरकरांना सांगायला नको. काठावर टाकलेला तंगूस बगळ्यांच्या, पाणकावळ्यांच्या पायांत तसाच अडकतो आणि वर्षानुवर्षं कुजत नाही. पिशवीत एक रिकामी बाटली ठेवा, तुकडे तिच्यात कोंबा. घरी आल्यावर वीत-वीतभर कापून बूच लावूनच कचऱ्यात द्या.

आणि काठावर असताना दर मासा सुटल्यावर किंवा दगडात अडकून निघाल्यावर लूरजवळची हातभर लाइन दोन बोटांच्या चिमटीतून ओढून बघा. कुठे खरखर लागली, तर तेवढी कापून टाका आणि गाठ नव्याने बांधा.